सही चालते का?

मी सीए नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण कधी ना कधी सांगावंच लागतं आणि उशिरा सांगितलं की समोरच्याला आपण काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. मी सीएमए आहे, म्हणजे पूर्वीची आयसीडब्ल्यूए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंट, वस्तू बनवायला नेमका किती खर्च येतो ते काढणारी. एवढ्या तीन पायऱ्या उतरून गेलं तरी समोरचा 'अच्छा अच्छा' म्हणतो आणि मग हळूच विचारतो, 'म्हणजे सीएसारखंच ना?' त्यावर 'हो, तसंच काहीसं' म्हणून मोकळं व्हायचं की पाच मिनिटं बसून समजावून सांगायचं, हे मी समोरच्याचा चेहरा आणि हातातल्या ताटाची अवस्था बघून ठरवते. लग्नात असेन तर 'हो'.

चाकणला ज्या कंपनीत मी सध्या आहे तिथे हा प्रश्नच येत नाही, कारण खाली शॉपवर अकाउंट्समधून कुणीही उतरलं तरी ते 'सीए साहेब' नाहीतर 'सीए मॅडम'च असतात. आमच्याकडे जीएसटीची रिटर्न्स भरणारा मुलगा साधा बी.कॉम. आहे, तोही सीए साहेब. पहिल्या वर्षी मी दोनचारदा दुरुस्त केलं, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर ऐकायला बरं वाटायला लागलं होतं.

आता ही नावामागच्या अक्षरांची भानगड आमच्या घरात काही माझ्यापासून सुरू झालेली नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, जी.डी.सी. अँड ए. आहेत. शहरातल्या लोकांना हे लांबलचक प्रकरण फक्त हाउसिंग सोसायटीच्या ऑडिट रिपोर्टखालच्या शिक्क्यावर दिसतं, तेही कुणी रिपोर्ट वाचलाच तर. पण आमच्या तासगाव भागात त्याला वजन होतं. ही परीक्षा सहकार खातं घेतं, मराठीतून देता येते, पास झालं आणि पुरेसा अनुभव गाठीशी असला की सहकारी संस्थांच्या ऑडिटसाठी पॅनेलवर नाव लागतं, प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून. अण्णा गावच्या विकास सोसायटीचे सचिव होते, कर्जवाटपाची रजिस्टरं लिहिता लिहिता रात्री अभ्यास केला, पास झाले, काही वर्षांनी सचिवपद सोडलं आणि आजूबाजूच्या गावांतल्या दूध संस्था, पतसंस्था, पाणीपुरवठा संस्था यांची ऑडिटं घ्यायला लागले.

सुट्टीत मला एम-ऐंशीवर मागे बसवून न्यायचे. दूध संस्थेचं ऑफिस म्हणजे एक खोली, फॅटचं मशीन, टेबलावर मेणकापड, आणि कोपऱ्यात आंबूस वास. आम्ही आत शिरलो की चेअरमन स्वतः उठून उभे राहायचे. ज्या माणसापुढे अख्खं गाव उठून उभं राहायचं तो माणूस एम-ऐंशीवरून आलेल्या, बुशशर्टातल्या माझ्या बापासाठी उठायचा, हे मला फार म्हणजे फार भारी वाटायचं. चहापोहे लगेच यायचे, पण अण्णांचा नियम होता की रोख शिल्लक मोजल्याशिवाय पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मग पेटी उघडायची, नोटा मोजायच्या, चिल्लर मोजायची, कीर्दीतल्या आकड्याशी लावायची, तोवर पोहे गार. मी मात्र माझी बशी कधीच संपवलेली असायची, मला कुठला नियम नव्हता.

वर्षाच्या शेवटी त्या संस्थेला ऑडिट वर्ग मिळायचा, अ, ब, क किंवा ड. अ वर्ग मिळाला की वार्षिक अहवालाच्या कव्हरवर लाल अक्षरात छापायचा, सभेच्या बॅनरवर यायचा. एकदा एका संस्थेला अण्णांनी ब दिला तर दुसऱ्या दिवशी आमच्या दारात द्राक्षांची पेटी. अण्णांनी मला आणि भावाला ती पेटी परत पोचवायला सायकलवर पाठवलं, जाताना आम्ही वरचा एक घड काढून घेतला होता हे त्यांना अजून माहीत नाही. (त्यांनी हा लेख वाचला तर कळेल.)

त्यामुळे अण्णांच्या लेखी शिक्षणाची किंमत काढायची एकच रीत होती. कुणी म्हणालं, माझा मुलगा अमुक डिप्लोमा करतोय, तमुक कोर्स करतोय, की ते विचारायचे, 'त्याची सही चालते का?' बारावीनंतर मी सीए करायचं म्हणते असं सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'कर. त्याची सही सगळीकडं चालते.'

१९९८ ला बी.कॉम. झाल्यावर पुण्यात आले. सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या सरांचं ऑफिस होतं, तिथे तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची सक्तीची उमेदवारी. स्टायपेंड मिळायचा तो मेसच्या बिलाच्या निम्म्यालाही पुरायचा नाही, घरून पैसे यायचे. काम म्हणजे व्हाउचिंग, बँक रिकन्सिलिएशन, आणि ऑक्टोबरात रात्री अकरापर्यंत टॅक्स ऑडिट. सीए इन्स्टिट्यूटचं बोधवाक्य कठोपनिषदातलं आहे, 'य एष सुप्तेषु जागर्ति', सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो. उपनिषदात ते कुणाविषयी म्हटलंय ते असू दे, एकतीस ऑक्टोबरच्या आसपास आम्हाला ते आमच्याविषयीच आहे याची खात्री पटायची.

इंटर झालं. फायनलचा पहिला ग्रुप, म्हणजे पहिले चार पेपर, झाला. दुसरा ग्रुप मात्र काही केल्या होईना. ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांना सांगते, प्रत्येक पेपरात चाळीस हवेत आणि ग्रुपच्या एकूणात पन्नास टक्के, म्हणजे नापास व्हायचे दोन वेगवेगळे मार्ग आहेत आणि मी दोन्हीवरून जाऊन आले. एकदा चारशेपैकी १९३ आले, सातने गेलं. पुढच्या वेळी एकूण २११ आले पण इनडायरेक्ट टॅक्सला ३८. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन तो ३८ चा आकडा मी पूर्ण तासभर बघत बसले होते, पैसे भरलेच होते म्हणून. गंमत म्हणजे कॉस्टिंगच्या पेपरात मला दर वेळी चांगले मार्क असायचे, ज्या पेपरला बाकीच्या मुली रडायच्या तो माझा हातखंडा. त्याचा अर्थ काय ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

चार अटेम्प्टनंतर थांबले. थांबले म्हणजे काय, पैसे संपले, आणि अण्णांना दर सहा महिन्यांनी फोन करून सांगायची ताकद संपली. मग नोकरी. जाहिरातीत आमच्यासारख्यांसाठी एक खास शब्द असायचा, अजूनही असतो, सेमी-क्वालिफाइड. अर्धवट शिजलेला भात. शेजारच्या टेबलावर बसलेला सीए आणि मी, बॅलन्सशीटची तीच शेड्यूल्स बनवायचो, त्याच बँकेच्या त्याच मॅनेजरशी भांडायचो, पगार त्याच्या निम्म्याहून कमी. त्याबद्दल तक्रार करायची सोय नाही कारण उत्तर तयार असतं, पास हो ना मग.

आणि पास झालेल्यांमध्ये तरी सगळं आलबेल असतं का? बाहेरच्या जगाला सीए म्हणजे सीए. आतल्या लोकांची मात्र स्वतःची वेगळी उतरंड असते. पहिला प्रश्न कितव्या अटेम्प्टला. दुसरा, दोन्ही ग्रुप एकत्र काढले की वेगवेगळे. तिसरा, आर्टिकलशिप कुठे, बिग फोरमध्ये, म्हणजे जगातल्या चार बड्या ऑडिट फर्म्सपैकी एकीत, की कुठल्या लहान फर्ममध्ये. आमच्या वेळी ते बिग फाइव्ह होते, मग २००२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या घोटाळ्याच्या नादाने तिची ऑडिटर आर्थर अँडरसन बुडाली आणि चार उरले. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्यामुळे अण्णांनी त्याबद्दल पेपरात वाचून मला मुद्दाम फोन केला होता, 'बघ, एवढ्या मोठ्या ऑडिटरची पण सही चालंना झाली.'

मग मी आयसीडब्ल्यूएकडे वळले आणि २००६ ला पास झाले. सुटसुटीत लिहिलंय पण त्यात दोन वर्षं पहाटे चारला उठणं आहे. निकाल लागल्यावर ऑफिसात पेढे वाटले. माझ्या तेव्हाच्या बॉसनी, ते सीए, पेढा घेतला, मनापासून अभिनंदन केलं आणि म्हणाले, 'छान झालं. आता जमलं तर तो राहिलेला ग्रुप पण काढून टाक.' वाईट हेतू नव्हता त्यांचा, मला खात्री आहे. पण तो पेढा मला अजून आठवतो.

पुढच्या वर्षी एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेले. कॉस्टिंगचीच पोस्ट. टेक्निकल राउंड उत्तम झाला, मशीन अवर रेट कसा काढायचा यावर मी आणि समोरचे गृहस्थ वीस मिनिटं मजेत बोललो. मग एचआरने सांगितलं की आमच्याकडे सीएला एक ग्रेड आणि आयसीडब्ल्यूएला त्याच्या खालचा ग्रेड आहे. कॉस्टिंगच्या पोस्टसाठी! म्हणजे स्वयंपाकी हवाय पण वाढप्याला जास्त पगार. मी जॉइन झाले. होमलोन होतं.

याला अपवाद सरकारी कंपन्यांचा. तिथल्या जाहिरातीत 'सीए किंवा सीएमए' असं एका दमात लिहिलेलं असतं आणि दोघांना एकच वेतनश्रेणी. माझी एक बॅचमेट एका सार्वजनिक उपक्रमात लागली, तिला आयुष्यात कधी कुणी विचारलं नाही की तू दोघातली कोण. मला तिचा हेवा वाटतो, मग तिच्या बदल्या कुठे कुठे झाल्या ते आठवतं आणि हेवा थोडा कमी होतो.

या सगळ्या उतरंडीच्या मुळाशी काय आहे याचा मी बराच विचार केलाय, आणि फिरून फिरून अण्णांच्या प्रश्नापाशीच येते. आपण समजतो की ही अवघड परीक्षेची किंमत आहे. अवघड परीक्षा पुष्कळ आहेत. १९८४ च्या फायनान्स ॲक्टने इन्कम टॅक्समध्ये ४४एबी कलम आलं, ठरावीक उलाढालीच्या वर प्रत्येक धंद्याला टॅक्स ऑडिट सक्तीचं, आणि ते करणार कोण तर 'अकाउंटंट', आणि अकाउंटंट म्हणजे कोण तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे फक्त चार्टर्ड अकाउंटंट. त्या दिवसापासून प्रत्येक किराणा होलसेलरच्या, प्रत्येक बिल्डरच्या, प्रत्येक डॉक्टरच्या तोंडात 'आमचे सीए' हा शब्द आला. आमच्या लोकांनी त्या व्याख्येत आपलं नाव यावं म्हणून किती निवेदनं दिली असतील त्याला गणती नाही, नवा इन्कम टॅक्स कायदा २०२५ ला आला तेव्हाही दिली, व्याख्या होती तिथेच राहिली.

मध्ये एकदा आमचेही दिवस आले होते. जीएसटी आल्यावर त्याच्या ऑडिटवर सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट, दोघांपैकी कुणीही सही करू शकेल अशी तरतूद होती. प्रॅक्टिसमधल्या माझ्या मित्रांनी कार्डं छापली, एकाने तर सिंहगड रोडला गाळा घेतला. आणि २०२१ च्या फायनान्स ॲक्टने ते ऑडिटच काढून टाकलं, व्यापाऱ्याने स्वतःच सर्टिफाय करावं म्हणून. चार दिवस सुनेचे म्हणतात ते चारच निघाले.

आणि शब्दांचं म्हणाल तर ते सुद्धा कायद्याच्याच मर्जीवर. स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे 'चार्टर्ड' म्हणजे विलायतेच्या संस्थेचा मेंबर. इथे शिकलेल्यांसाठी मुंबईत १९१८ पासून जी.डी.ए. नावाचा सरकारी डिप्लोमा होता, पुढे त्यांना 'रजिस्टर्ड अकाउंटंट' म्हणायला लागले, आणि मोठ्या ब्रिटिश कंपन्यांची ऑडिटं बहुतेक गोऱ्या फर्म्सकडे. मग १९४९ चा कायदा झाला, एक जुलैला लागू झाला, आणि हे सगळे रजिस्टर्ड लोक चार्टर्ड झाले. आदल्या रात्री झोपताना त्यांना जेवढं अकाउंटिंग येत होतं तेवढंच सकाळी उठल्यावर येत असणार. माझंही तसंच झालं. आमचा कायदा १९५९ चा, २०१२ साली त्यात बदल होऊन संस्थेचं नाव बदललं, माझ्या नावामागचं एआयसीडब्ल्यूए जाऊन एसीएमए आलं. मी नवीन व्हिजिटिंग कार्डं छापली. आता रिक्रूटर फोनवर विचारतात, 'इंडियन सीएमए की यूएस सीएमए?' कारण अमेरिकेतल्या एका संस्थेची दोन पेपरांची सीएमए आहे आणि तिच्या क्लासच्या जाहिराती एफसी रोडपासून इन्स्टाग्रामपर्यंत सगळीकडे आहेत. म्हणजे इतकी वर्षं मी सीए नाही हे सांगत होते, आता मी कुठली सीएमए नाही हेही सांगायचं.

पण सही चालणाऱ्यांचं तरी बरं चाललंय का, तर माझी आर्टिकलशिपमधली रूममेट ऐका. ती सीए झाली, कोथरूडला प्रॅक्टिस करते, हुशार आणि कमालीची सरळ. तिच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये लोकांची रांग लागते, मुलं परदेशी शिकायला जायची असतात, व्हिसासाठी नेटवर्थ सर्टिफिकेट हवं असतं. ती कागद मागते. फ्लॅटचं ॲग्रीमेंट, एफडीच्या पावत्या, सोन्याचं व्हॅल्युएशन. तर लोक वैतागतात. 'मॅडम, फक्त सही हवीय हो, किती घ्याल?' २०१९ पासून त्यांना प्रत्येक सर्टिफिकेटवर यूडीआयएन, म्हणजे त्या सहीचा अठरा अंक-अक्षरांचा ओळख क्रमांक, टाकावा लागतो, कारण खोटे शिक्के बनवून सीए म्हणून सह्या ठोकणारे लोक सुटले होते. ती म्हणते, 'तुला वाटतं मला मान आहे. मान माझ्या शिक्क्याला आहे, मी त्याच्यामागे धरून उभी राहिलेली बाई आहे.' सत्यम कंपनीच्या घोटाळ्यात ऑडिटरही पकडले गेले, त्यानंतर सही करताना प्रत्येक ऑडिटर एकदा तरी थबकला असेल असंही ती म्हणते. पण सत्यम कुठे आणि तिचे क्लायंट कुठे. तिला पोलीस नाही, मेहुण्यांच्या ओळखीतून आलेली माणसं छळतात.

आता जरा माझ्या कामाचं सांगते, कारण ते कुणी विचारत नाही.

२०१६ ची गोष्ट. आम्ही फोर्जिंग करतो, म्हणजे पोलादाचे गज कापायचे, लालबुंद तापवायचे, हॅमरखाली डायमध्ये ठोकायचे, कडेला जो जास्तीचा पातळ भाग बाहेर येतो तो, त्याला फ्लॅश म्हणतात, ट्रिम करून टाकायचा. एका गिअर ब्लँकवर दर महिन्याला स्टीलचा वापर स्टँडर्डपेक्षा जास्त दिसत होता. प्रॉडक्शन म्हणायचं स्टोअर्सची चूक, स्टोअर्स म्हणायचं काट्याची चूक. मी सेफ्टी शूज घालून खाली गेले. कटिंगच्या सुपरवायझरला म्हटलं, कापलेले दहा तुकडे काट्यावर ठेवा. हा गृहस्थ मूळचा जुन्नरचा, तीस वर्षं बारकटिंगवर, मिशीत हसला आणि दहा ऐवजी वीस ठेवले. सरासरी निघाली तर प्रत्येक तुकडा सिस्टीममधल्या कटवेटपेक्षा सत्तर ग्रॅम जड. का? तर नेहमीच्या मापाचा गज मिळत नव्हता म्हणून परचेसने एक माप जाडा घेतला होता, लांबी त्या प्रमाणात कमी करायची तर ब्लेडचा स्टॉप तसाच राहिला थोडा पुढे, आणि डायमध्ये जास्तीचा माल फ्लॅश होऊन बाहेर जात होता. सत्तर ग्रॅम म्हणजे काय, मुठीत मावतं. पण महिन्याला चाळीस हजार पीस, म्हणजे अठ्ठावीसशे किलो. पंचावन्न रुपये किलोचं स्टील वीस रुपये किलोच्या भंगारात चाललं होतं. महिन्याला लाखाला दोन हजार कमी.

स्टॉप मागे घेतला, तासाभराचं काम. सुपरवायझर मला दारापर्यंत सोडायला आला, हातातले ग्लोव्ह्ज काढत म्हणाला, 'मॅडम, तुम्ही सीए असून खाली आलात. वर बसूनच ईमेल करतात सगळे.'

मी काही बोलले नाही. त्याला सांगायला हवं होतं की बाबा मी सीए नाही म्हणूनच खाली आले, आमचा अभ्यासच हा आहे. पण तसं म्हटलं असतं तर त्याच्या डोळ्यात काहीतरी एक घर खाली उतरलं असतं असं वाटलं. आमचे सीएफओ, म्हणजे फायनान्सचे प्रमुख, सीए आहेत, पहिल्या अटेम्प्टचे, बँकेसमोर आणि टॅक्सवाल्यांसमोर तो माणूस वाघ आहे, मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकलेय. त्यांनी बोर्डाच्या मीटिंगमध्ये ते सत्तर ग्रॅम माझं नाव घेऊन सांगितले. तेवढं चांगलं वाटलं. पुढे त्यांच्या खालची डेप्युटीची जागा निघाली तेव्हा जॉब डिस्क्रिप्शनमध्ये पहिली ओळ होती, ओन्ली सीए. तीही त्यांनीच लिहिली होती.

आणि मी तरी कोण लागून गेलेय. तीनेक वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक माणूस घ्यायचा होता. दोन मुलं शेवटच्या राउंडला. एक सीए, पहिला अटेम्प्ट, इंग्रजी फाडफाड. दुसरा सोलापूरकडचा, तोही सीए, प्लांटमध्ये चार वर्षं काढलेला, बीओएम आणि राउटिंग, म्हणजे कुठल्या पार्टला काय माल लागतो आणि तो कुठल्या कुठल्या मशीनवरून जातो, तोंडपाठ. मी त्याला विचारलं, 'कितव्या अटेम्प्टला झालात?' प्रश्न तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय विचारतेय. तो शांतपणे म्हणाला, 'अकराव्या.' ना मान खाली, ना कारणं. अकरा म्हणजे साडेपाच वर्षं, दर सहा महिन्यांनी घरी एक फोन. मी चौथ्याला थांबले होते.

घेतलं मी पहिल्याला. आठ महिन्यांनी तो मुंबईला दीडपट पगारावर गेला. सोलापूरच्या मुलाला मी नंतर फोन केला होता, तो दुसरीकडे लागला होता, नीट बोलला, 'मॅडम, काही हरकत नाही' म्हणाला. त्याने 'हरकत नाही' म्हटल्यावर फोन ठेवायला मला जरा वेळ लागला.

या दिवाळीत आम्ही सगळे तासगावला होतो. माझी भाची एसीसीए करतेय, लंडनच्या संस्थेची परीक्षा, तेरा पेपर, बी.कॉम.मुळे काही माफ. पुण्यात खराडीला एका परदेशी कंपनीच्या सेंटरमध्ये नोकरी सुद्धा लागलीये, रात्री उशिरापर्यंत विलायतेतल्या कुठल्यातरी कंपनीचे हिशोब बंद करत असते. अण्णा आता ब्याऐंशीचे. कान जरा कमी, बाकी ठणठणीत. तिने फराळाच्या ताटावर बसून त्यांना सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, 'सही चालते का?'

'इथे भारतात ऑडिटला नाही चालत, आजोबा.'

'मग पगार?'

तिने आकडा सांगितला. अण्णांनी तो परत एकदा सांगायला लावला, ऐकू आलं नाही म्हणून की पटलं नाही म्हणून ते माहीत नाही. मग चकली मोडली आणि गप्प बसले. भाची माझ्याकडे बघून हसली. तिला कुणी विचारत नाही की तू सीए का नाही, तिच्या ऑफिसात निम्मे सीए, काही यूएस सीपीए, काही नुसतेच एमबीए, आणि सगळ्यांचा मॅनेजर मँचेस्टरला. माझ्या डोक्यातली उतरंड तिला सांगायला गेले तर ती जुन्या नाण्यांसारखी बघते.

दुपारी अण्णा म्हणाले, तुझ्या सोसायटीचा ऑडिट रिपोर्ट आणलायस का. मी आमच्या पुण्याच्या सोसायटीची खजिनदार आहे, सप्टेंबरात जनरल बॉडी झाली, रिपोर्ट मंजूर झाला, पीडीएफ फोनमध्ये होता. त्यांना भाचीच्या लॅपटॉपवर मोठा करून दिला. चष्मा लावून त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली, पेन्सिल मागितली, स्क्रीनवर लिहिता येत नाही म्हटल्यावर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला टिपा काढायला लागले. आम्ही पत्ते खेळत होतो. अर्ध्या तासाने हाक आली.

'सिंकिंग फंड जमा किती, आणि गुंतवलाय किती?'

सिंकिंग फंड म्हणजे पुढे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी बाजूला ठेवायचे पैसे. मी म्हटलं बघावं लागेल.

'तीन लाख चाळीस हजाराचा फरक आहे. तुम्ही रोजच्या खर्चाला वापरलाय. ऑडिटरनं लिहिलंय पान सातवर, जी.डी.सी.वाला दिसतोय, बरा आहे. दोष दुरुस्ती अहवाल दिलास का?'

भाचीने पत्त्यांवरून मान वर केली. 'मावशी, दोष दुरुस्ती म्हणजे?'

'ऑडिटरनं दाखवलेल्या चुका तू दुरुस्त केल्यास असं लिहून द्यायचं असतं,' अण्णा म्हणाले, 'नमुना ओ. खजिनदारानं बघायचं असतं.'

मी सातवं पान तेव्हा पहिल्यांदा वाचलं. नमुना ओ मी अजून दिलेला नाही, अण्णा रविवारी फोन करतात तेव्हा विचारतात.